मते असलेला न्यायाधीश

१ सप्टेंबर १८९३ रोजी न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग वारले. वय अवघे त्रेचाळीस. मुंबई उच्च न्यायालयात हिंदी न्यायाधीशाला कायमची म्हणून मिळणारी जागा तोवर व्यवहारात एकच होती. नानाभाई हरिदास गेल्यावर १८८९ मध्ये ती तेलंगांकडे आली होती, आणि आता ती पुन्हा रिकामी झाली. नोव्हेंबरात तिथे महादेव गोविंद रानडे यांची नेमणूक झाली. रानडे तेव्हा एक्कावन्न वर्षांचे होते. पुण्यात फर्स्ट क्लास सबॉर्डिनेट जज्ज म्हणून ते नोव्हेंबर १८७१ मध्ये रुजू झाले, तेव्हापासून मोजले तर खालच्या न्यायखात्यात त्यांची बावीस वर्षे भरली होती. मुंबई विद्यापीठाच्या १८६२ च्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक, त्यामुळे विद्वत्तेचा प्रश्न नव्हता. सरकारला खटकत होते ते वेगळेच. या माणसाला मते होती, ती तो मांडत असे, आणि पुण्यात त्याचे ऐकणारी माणसे होती.

ही इतिहासजमा गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशवृंदाकडे, म्हणजे कॉलेजियमकडे, फेरविचारासाठी परत पाठवले. कारण काय, तर न्यायालयांपुढे असलेल्या काही विषयांवर त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली होती. रानड्यांच्या नेमणुकीला तेव्हा एकशे एकोणतीस वर्षे झाली होती. राज्य बदलले, राज्यघटना आली, नेमणुकीची पद्धत तीनदा उलटीपालटी झाली, तरी तीच शंका त्याच मुंबई उच्च न्यायालयाच्या दारात उभी राहिली. जाहीर मते असणे ही न्यायाधीशपदाची अपात्रता मानायची का? माझ्या मते मानू नये. माणसाने उघड मांडलेली मते पारखता येतात, त्यांच्याविरुद्ध युक्तिवाद करता येतो, ती त्याच्या निकालांशेजारी ठेवून पाहता येतात. सरकारी फाइलमधल्या संशयाचे यातले काहीच करता येत नाही. न्यायव्यवस्थेला खरा धोका त्या दुसऱ्या गोष्टीचा आहे, आणि रानड्यांची कारकीर्द हा त्याचा सर्वांत तपशीलवार पुरावा आहे.

आधी कायदा काय म्हणत होता ते पाहू. १८६१ च्या कायद्याने कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे उच्च न्यायालये निघाली. मुंबईचे १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झाले. मुख्य न्यायाधीश धरून किमान एक तृतीयांश जागा बॅरिस्टरांच्या, किमान एक तृतीयांश सनदी नोकरांच्या. उरलेल्यांत दोन प्रकारच्या माणसांना वाट होती: दहा वर्षे वरिष्ठ न्यायालयात वकिली केलेल्यांना, आणि प्रिन्सिपल सदर अमीन किंवा स्मॉल कॉज कोर्टाच्या न्यायाधीशापेक्षा कमी नाही अशा दर्जाच्या न्यायाधीशपदावर पाच वर्षे काढलेल्यांना. म्हणजे कागदावर पाहिले तर रानडे १८७६ च्या अखेरीसच पात्र ठरत होते. न्यायाधीश एकदा नेमला की राणीची मर्जी असेतोवर तो जागेवर. वयाची मर्यादा नाही आणि आजच्यासारखे महाभियोगाचे संरक्षणही नाही. अशा व्यवस्थेत ‘मर्जी’ हाच मुख्य निकष असणार हे उघड आहे, आणि मर्जी कशामुळे राहते किंवा जाते याचा हिशेब कुठे लिहून ठेवण्याची गरज नसते.

पुण्याच्या कोर्टात बसणारा हा न्यायाधीश कोर्ट सुटल्यावर काय करत होता याची यादी आज वाचली तर कोणत्याही रजिस्ट्रारला घाम फुटेल. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांनी १८७० मध्ये स्थापन केलेल्या सार्वजनिक सभेचे अर्ज, तिची जमीनमहसुलावरची निवेदने, दुष्काळातले अहवाल, १८७८ पासूनचे त्रैमासिक, या सगळ्यांमागे रानड्यांची लेखणी होती. १८७५ ची वसंत व्याख्यानमाला त्यांनीच सुरू केली. प्रार्थना समाज, विधवाविवाह, मुलींचे शिक्षण, देशी उद्योग अशी एकही चळवळ नव्हती जिच्यात ते नव्हते. १८७८ मध्ये त्यांची नाशिकला बदली झाली. १८७९ च्या सुरुवातीला वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड उभे राहिले आणि १३ मे १८७९ च्या रात्री पुण्यात बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. रानडे त्या वेळी सुट्टीसाठी पुण्यात होते. त्यांना सुट्टी संपण्याची वाट न पाहता ताबडतोब धुळ्याला रुजू होण्याचा हुकूम आला. गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्या मनात पुण्याच्या ब्राह्मणांविषयी जो संशय होता त्याच्या छायेत ही बदली झाली. धुळ्यात त्यांचे टपाल फोडले जात असे, आणि बंडवाल्यांच्या नावाची पत्रे त्यांना येत. ती ते सरळ पोलिसांकडे पाठवत. हे सारे रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले म्हणून घरच्या बाजूने कळते. सरकारी बाजूने त्या काळी कोणालाच काही कळले नाही, कारण आरोप नव्हता, चौकशी नव्हती, उत्तर मागणारा खलिता नव्हता. होती ती फक्त बदली.

इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सरकारकडे त्या क्षणी रानड्यांचे साडेसात वर्षांचे निकाल उपलब्ध होते. दिवाणी दाव्यांतले, जमिनीचे, वारसाचे, कर्जाचे. त्यांवर अपिले झाली होती, वरच्या न्यायालयाने ती तपासली होती. माणूस न्यायासनावर बसून पक्षपात करतो का याचा याहून थेट पुरावा असू शकत नाही. पण संशयाला निकालपत्रे वाचण्याची सवड नसते. त्याला भाषणे आणि ओळखीपाळखी पुरतात. रानड्यांवरचा संशय पुढे फिटला, तो कसा? कोणी निकालपत्र काढून ‘आमची चूक झाली’ म्हटले नाही. १८८१ मध्ये मुंबईत प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेटचे काम, मग दख्खनच्या शेतकरी कायद्याखाली साहाय्यक विशेष न्यायाधीश, १८८४ मध्ये पुण्याच्या स्मॉल कॉज कोर्टात, १८८५ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलावर, १८८६ मध्ये सरकारच्या वित्त समितीवर. एकेक जबाबदारी देत, माणसाला पारखत सरकार पुढे सरकले.

यातले शेतकरी कायद्याचे काम सर्वांत बोलके आहे. १८७५ मध्ये सुप्यापासून सुरू झालेल्या दंग्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली होती. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा हे त्याचे चार जिल्हे. या कायद्याने न्यायाधीशाला एक मोठा अधिकार दिला: खतावर लिहिलेला आकडा खरा मानून हुकूमनामा न देता, मूळ रक्कम किती होती, व्याज किती चढले, मधल्या काळात काय फेडले गेले, हा सगळा व्यवहार मुळापासून उकरायचा. खालच्या कोर्टांच्या निकालांवर नेहमीचे अपील नव्हते. त्याऐवजी विशेष न्यायाधीशाने जिल्ह्यांतून फिरून कामकाज तपासायचे, चुकीचे निकाल दुरुस्त करायचे. १८८७ पासून उच्च न्यायालयात जाईपर्यंत हे विशेष न्यायाधीश रानडे होते. आता विचार करा. शेतकऱ्यांचे कर्ज, महसुलाचा बोजा, सावकारीची कारणे यांवर सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात सर्वांत जास्त लिहिणारा माणूस हाच. आजच्या भाषेत बोलायचे तर ज्या विषयावर त्याची मते जगजाहीर, त्याच विषयाचे खटले त्याच्यापुढे. तरी सरकारने त्याला नेमले, आणि नेमणुकीमागचे शहाणपण समजण्यासारखे आहे. ज्याने प्रश्नाचा विचारच केलेला नाही तो माणूस खताच्या मागे काय दडले आहे हे शोधायला कुठून सुरुवात करणार? विषयावर मत असणे आणि वादी कोण, प्रतिवादी कोण हे पाहून निकाल देणे, यांत फरक आहे. पहिल्याशिवाय जाणता न्यायाधीश घडत नाही. दुसरे केले तर तो न्यायाधीशच राहत नाही.

यावर इतिहासाचा जाणकार म्हणेल की बावीस वर्षांचा सगळा दोष संशयाच्या माथी मारणे बरोबर नाही, आणि ते खरे आहे. जागाच एक होती. १८८९ मध्ये ती रिकामी झाली तेव्हा तेलंग पुढे होते. ते उच्च न्यायालयातच वकिली करणारे, संस्कृतचे पंडित आणि हिंदू कायद्यावर अधिकारवाणीने बोलणारे, त्यामुळे त्यांची निवड कोणत्याही निकषावर टिकणारी होती. बॅरिस्टर आणि सनदी नोकरांसाठी राखलेल्या, म्हणून व्यवहारात युरोपियनांकडेच जाणाऱ्या जागांची अट संशयाहून कितीतरी जास्त अन्यायाची होती हेही मान्य. पण या आक्षेपातूनच माझ्या म्हणण्याला बळ मिळते. जागा दुर्मीळ असली की उमेदवाराला मागे ठेवायला कारण द्यावे लागत नाही. आणि कारण द्यावे लागले नाही, की ते योग्य होते की अयोग्य हे कोणाला सांगताही येत नाही. रानड्यांच्या बाबतीत किती वाटा जागेच्या टंचाईचा आणि किती धुळ्याच्या फाइलचा, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, याचे कारण नेमके हेच आहे. (याच काळात पुण्यातले सनातनी त्यांच्याकडे पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मंडळींकडे घेतलेल्या चहाबद्दल प्रायश्चित्त मागत होते. सरकारच्या लेखी बंडखोर आणि पेठांच्या लेखी बाटगा, असा दुहेरी मान फार थोड्या न्यायाधीशांना मिळाला असेल.)

आता खरी कसोटी. उच्च न्यायालयात गेल्यावर मतांनी निकाल बिघडवले का? १८९५ मध्ये टिळकपक्षाने सार्वजनिक सभा रानड्यांच्या गटाकडून काढून घेतली. त्याच वर्षी पुण्याच्या काँग्रेस अधिवेशनाच्या मांडवात समाजसुधारकांची सामाजिक परिषद भरवण्यावरून रण माजले आणि रानड्यांना मांडव सोडावा लागला. १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. दोन वर्षांच्या आत, जुलै १८९७ मध्ये, टिळकांना राजद्रोहाखाली अटक झाली आणि त्यांचा जामीनअर्ज उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढे आला. त्यांनी तो नाकारला. इथे आक्षेप घेणाऱ्याला आयते हत्यार मिळते: पाहा, जुने वैर न्यायासनावर चढले. पण दोन गोष्टी पाहायला हव्यात. पुन्हा अर्ज करण्याची मोकळीक त्या आदेशात ठेवलेली होती. आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तसा अर्ज झाला तेव्हा जामीन देणारे न्यायमूर्ती होते बद्रुद्दीन तय्यबजी. तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि १८९५ मध्ये न्यायाधीश झाले. म्हणजे एक जाहीर मतांचा न्यायाधीश जामीन नाकारतो, दुसरा देतो. सार्वजनिक आयुष्यावरून निकालाचे भाकीत करता येत असते तर दोघांचे निकाल असे दोन दिशांना गेले नसते.

खटला चालला तो न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांच्यापुढे. स्ट्रॅचींविरुद्ध कोणती फाइल असण्याचे कारण नव्हते. वडील सर जॉन स्ट्रॅची हिंदुस्थानच्या कारभारातले बडे अधिकारी, मुलगा बॅरिस्टर, सभा नाही, त्रैमासिक नाही, व्याख्यानमाला नाही. ज्यूरीला समजावताना त्यांनी कायद्यातल्या अप्रीतीचा अर्थ सरकारविषयी प्रेमाचा अभाव असा केला. सहा युरोपियन ज्यूरर दोषी म्हणाले, तीन हिंदी ज्यूरर निर्दोष म्हणाले, आणि टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी स्ट्रॅची अलाहाबादच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. मी असे म्हणत नाही की ती बढती बक्षीस होती. तसा पुरावा नाही. म्हणायचे ते इतकेच, की ज्याची मते सत्तेच्या मतांशी जुळतात त्याला मते आहेत हे कोणाच्या लक्षातच येत नाही. हवेचा दाब जसा आपल्याला जाणवत नाही तसे ते असते. म्हणून ‘मते नसलेला उमेदवार’ शोधणारी पद्धत प्रत्यक्षात सत्तेला न खटकणारा उमेदवार शोधत असते.

स्वतंत्र भारतातही याचे उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. यशवंत विष्णू चंद्रचूड पुण्यात जन्मलेले, नूतन मराठी विद्यालयाचे आणि लॉ कॉलेजचे विद्यार्थी. मुंबई उच्च न्यायालयात सरकारी वकील, १९६१ मध्ये तिथेच न्यायाधीश, १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. राजकारणाचा डाग नाही, वादग्रस्त भाषण नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी आणीबाणीतल्या स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येणार नाही असा निकाल चार विरुद्ध एक मतांनी लागला, आणि त्या चारांत चंद्रचूड होते. एकट्या विरोधी मताचे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांना पुढच्या जानेवारीत डावलले गेले. १९७८ मध्ये सरन्यायाधीशपदासाठी चंद्रचूडांची पाळी आली तेव्हा मुंबईतल्या नामवंत कायदेपंडितांनी त्या निकालाकडे बोट दाखवून जाहीर विरोध केला. जनता सरकारने ज्येष्ठतेचा क्रम पाळला आणि ते २२ फेब्रुवारी १९७८ पासून जुलै १९८५ पर्यंत, आजवरच्या सर्वांत दीर्घ काळासाठी, सरन्यायाधीश राहिले. त्या विरोधाशी कोणी सहमत असो वा नसो, तो योग्य जातीचा विरोध होता: उघड, सहीनिशी, आणि माणसाच्या मतांवर नव्हे तर न्यायासनावरच्या कृतीवर. त्याचे उत्तरही कृतीतूनच मिळाले. मिनर्व्हा मिल्सच्या १९८० च्या निकालात संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा घालणारे आणि १९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावरच्या माणसांच्या उपजीविकेला जीविताच्या हक्कात जागा देणारे चंद्रचूडच होते. एका निकालावरून पूर्ण माणूस कळत नाही हेही यातून दिसते. भाषणावरून तर मुळीच नाही.

आजची पद्धत थोडक्यात अशी. उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती आणि दोन सर्वांत ज्येष्ठ न्यायमूर्ती नाव सुचवतात. राज्य सरकारचे मत घेतले जाते, गुप्तवार्ता विभागाचा अहवाल येतो, केंद्राचे कायदा मंत्रालय फाइल सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवते, तिथे सरन्यायाधीश आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती निर्णय घेतात, आणि शेवटी राष्ट्रपतींच्या सहीने नेमणूक होते. सरकार एकदा नाव परत पाठवू शकते, पण न्यायाधीशवृंदाने तेच नाव पुन्हा पाठवले तर नेमणूक करणे बंधनकारक. १९९३ आणि १९९८ च्या निकालांनी ही चौकट घडवली. तिच्याऐवजी आणलेला राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग ऑक्टोबर २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरला. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेळापत्रकही आखून दिले: गुप्तवार्ता अहवालाला चार ते सहा आठवडे, केंद्राला आठ ते बारा, आणि एकमताने पुन्हा पाठवलेल्या नावासाठी तीन ते चार. सुंदरेसन यांचे नाव उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सुचवले, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मान्य केले, आणि परत आल्यावर १८ जानेवारी २०२३ रोजी पुन्हा पाठवले. उमेदवाराने मते व्यक्त केली म्हणून तो घटनात्मक पदाला अपात्र होत नाही, त्याची लायकी, गुणवत्ता आणि सचोटी पाहायची, असे कारण लेखी दिले. नेमणूक झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. तीन-चार आठवड्यांचे दहा महिने झाले.

दहा महिन्यांनी काय बिघडते, असे वाटेल. बरेच बिघडते. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो, त्यामुळे उशीर झाला की कारकीर्द पुढच्या टोकाला वाढत नाही, मागच्या टोकाला कापली जाते. ज्येष्ठता शपथेच्या दिवसापासून धरतात. मागून शिफारस झालेला माणूस आधी शपथ घेऊन गेला की तो कायमचा वरिष्ठ. पुढे मुख्य न्यायमूर्ती कोण, सर्वोच्च न्यायालयात कोण, हे त्या क्रमावर बरेच अवलंबून. शिवाय नाव लटकलेले असताना वकिलाची वकिलीही अधांतरी राहते: पक्षकाराला वाटते हे उद्या न्यायाधीश होणार, मोठी कामे यांना कशाला द्यायची. कर्नाटकातले ज्येष्ठ वकील आदित्य सोंधी यांचे नाव दोनदा पाठवले गेले, तरी नेमणूक झाली नाही, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी संमतीच मागे घेतली. नकार न देता नाकारण्याची ही रीत आहे. रानड्यांच्या बदलीच्या हुकुमावर निदान तारीख तरी होती.

सर्वांत गंभीर आक्षेप पक्षाचा आहे. मते ठीक, पण पक्षाच्या माणसाला न्यायाधीश करायचे का? जुलै २०२५ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या महाराष्ट्रातल्या माजी प्रवक्त्या आरती साठे यांच्या नावाची मुंबई उच्च न्यायालयासाठी शिफारस झाली तेव्हा विरोधी पक्षांनी हाच मुद्दा काढला. त्यांनी जानेवारी २०२४ मध्ये पद सोडले होते, असे उत्तर आले, आणि ऑगस्टमध्ये नेमणूक झाली. इथे मी सरसकट ‘मते असू द्यावीत’ म्हणून सुटू इच्छित नाही. प्रवक्ता स्वतःचे मत मांडत नाही, संघटनेने ठरवलेले मांडतो, आणि ते बदलले की त्यालाही बदलावे लागते. न्यायाधीशाला नेमकी याच्या उलट सवय हवी असते. तरीही कायमची बंदी घालणे चुकीचे ठरेल. सासवडला जन्मलेले, पुण्यात शिकलेले आणि इथेच वकिली सुरू केलेले विठ्ठल महादेव तारकुंडे १९४० च्या दशकात मानवेंद्रनाथ रॉय यांच्या रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्षाचे सरचिटणीस होते. पक्ष १९४८ मध्ये विसर्जित झाला, तारकुंडे १९५७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि पुढे नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांचे नाव सर्वांत वरचे झाले. केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळातले व्ही. आर. कृष्ण अय्यर १९६५ ची निवडणूक हरल्यावर वकिलीकडे परतले आणि १९६८ मध्ये न्यायाधीश झाले. उलट बाजूला बहरुल इस्लाम: १९७२ मध्ये राज्यसभेचा राजीनामा देऊन त्याच महिन्यात गुवाहाटी उच्च न्यायालयात, १९८० च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयात, आणि जानेवारी १९८३ मध्ये तिथून राजीनामा देऊन पुन्हा काँग्रेसच्या उमेदवारीकडे. तारकुंड्यांच्या बाबतीत पक्ष आणि न्यायासन यांमध्ये नऊ वर्षे गेली, अय्यरांच्या तीन, इस्लामांच्या शून्य. तीन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही, पण ठरावीक वर्षांचे अंतर सक्तीचे करावे ही मागणी त्यातून नक्कीच सुचते. त्या कसोटीवर दीड वर्ष मला अपुरे वाटते, माणूस कोणत्याही पक्षाचा असो.

मग सगळेच उघड्यावर आणावे का, अमेरिकेसारखे? तिथे संघराज्याच्या अपील न्यायालयांचे न्यायाधीश अध्यक्ष सुचवतात, सिनेटच्या समितीपुढे त्यांची जाहीर उलटतपासणी होते, मतदान होते, आणि एकदा नेमणूक झाली की ती तहहयात. सरकारला काय खटकते हे तिथे उमेदवाराला समोरासमोर कळते, हा मोठा गुण. पण रॉबर्ट बोर्क यांचे काय झाले तेही पाहावे. १९८२ मध्ये अपील न्यायालयात ते सहज गेले. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव आले तेव्हा त्यांचे अनेक वर्षांचे लेखन समोर ठेवून सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारले. नाकारावे की नाही यावर तिथे आजही दोन तट आहेत. परिणाम मात्र स्पष्ट दिसतो: त्यानंतरचे उमेदवार समितीपुढे बसून काहीच न बोलण्याची तालीम करून येतात. मतांना शिक्षा झाली की मते नाहीशी होत नाहीत, ती फक्त आत जातात. आपल्याकडे तरुण वकिलांनी याचा धडा आतापासूनच घेतला तर नवल नाही. न्यायाधीश व्हायचे असेल तर लिहू नका, बोलू नका, कोणा अडचणीतल्या माणसाचे वकीलपत्र घेताना दोनदा विचार करा, असा तो धडा.

न्यायाधीश झाल्यावरचे बंधन वेगळे. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःसाठी जी आचारमूल्ये स्वीकारली त्यांत राजकीय वादांत जाहीर मत देऊ नये हे आहे, आणि त्या मापाने रानड्यांनी उच्च न्यायालयात असतानाही चालवलेली सामाजिक परिषद आज अडचणीची ठरेल. ते मान्य करायला हरकत नाही. त्यांच्यापुढे येणाऱ्या हिंदू कायद्याच्या खटल्यांत विवाह, दत्तक, विधवेचा हक्क हेच विषय होते, आणि पक्षकाराला न्यायाधीशाच्या व्याख्यानाची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणून शपथेनंतर मौन मागावे. शपथेआधीच्या तीस वर्षांचे मौन मागू नये.

उरतो प्रतिष्ठेचा मुद्दा. कारणे जाहीर केली तर नाकारलेल्या वकिलाची बदनामी होईल, असे न्यायाधीशही म्हणतात, आणि गुप्तवार्ता अहवालातल्या ऐकीव गोष्टी वेबसाइटवर चढवू नयेत हे बरोबरच आहे. पण जाहीर करणे आणि उमेदवाराला कळवणे यांत बरेच अंतर आहे. सरकारचा आक्षेप लेखी असावा, तो उमेदवाराला दाखवून त्याचे उत्तर घ्यावे, आणि ठरलेल्या आठवड्यांत निर्णय झाला नाही तर शिफारस मान्य झाली असे धरावे. एवढे करायला घटनादुरुस्ती लागणार नाही. २०२१ च्या वेळापत्रकाला फक्त परिणाम जोडावा लागेल.

परकीय सरकारसुद्धा या बाबतीत काही शिकले होते असे म्हणायला जागा आहे. रानडे १६ जानेवारी १९०१ रोजी गेले, उच्च न्यायालयात सव्वासात वर्षे काढून. त्यांची जागा त्याच वर्षी नारायण गणेश चंदावरकर यांना मिळाली. चंदावरकर प्रार्थना समाजाचे, सामाजिक परिषदेचे, वर्तमानपत्रांत लिहिणारे. आणि जेमतेम काही आठवड्यांपूर्वी, डिसेंबर १९०० मध्ये, लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते.